फॉर्म्युला वनचे नियम जरा मुरू द्या

हेरेझ, २५ ऑक्टोबर १९९७. मोसमातल्या शेवटच्या शर्यतीची पात्रता फेरी. विल्यम्सच्या जाक व्हिलनव्हने १ मिनिट २१.०७२ सेकंदांत फेरी मारली. थोड्या वेळाने फेरारीतून मायकेल शूमाकर आला: १ मिनिट २१.०७२. मग विल्यम्सचाच हाइन्झ-हाराल्ड फ्रेंट्झन: १ मिनिट २१.०७२. सेकंदाचे हजार तुकडे करूनही तिघांत फरक सापडेना. वेळ आधी नोंदवणारा पुढे, एवढ्या आधारावर व्हिलनव्हला पोल, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीची सगळ्यात पुढची जागा, मिळाली.

त्या शर्यतीनंतरची पुढची ग्रां प्री ८ मार्च १९९८ला मेलबर्नला झाली. मॅकलॅरेनचे मिका हाकिनेन आणि डेव्हिड कूल्टहार्ड पहिले-दुसरे आले, आणि बाकी झाडून सगळ्या गाड्या त्यांच्यामागे किमान एक पूर्ण फेरी होत्या.

मधल्या साडेचार महिन्यांत नियम बदलले होते. गाडीची रुंदी २ मीटरवरून १.८ मीटरवर आली. गुळगुळीत टायर जाऊन खाचांचे टायर आले, पुढच्यांना तीन खाचा आणि मागच्यांना चार. वळणांवरचा वेग कमी करायचा होता, हेतू सुरक्षेचा होता, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. मॅकलॅरेनने त्याच हिवाळ्यात गुडइयर सोडून ब्रिजस्टोनचे टायर घेतले होते आणि गाड्यांचे रचनाकार एड्रियन न्यूईही विल्यम्समधून तिथे गेले होते, त्यामुळे सगळं खापर नियमांवर फोडणं बरोबर नाही. पण हजारांश सेकंदावर आलेली स्पर्धा एका हिवाळ्यात फेरीभर फाकली, हे घडलं. आणि ते पुन्हा पुन्हा घडत आलंय.

तरीही दर चार-पाच वर्षांनी तोच सूर लागतो. एकच संघ जिंकतोय, कंटाळा आला, नियम बदला, पत्ते पिसा. माझं म्हणणं याच्या उलट आहे. पत्ते पिसल्यावर हुकमाचे सगळे पत्ते एकाच्याच हातात जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. गाड्या जवळ येतात त्या नियम जुने झाल्यावर, आणि तेही खर्चाला कुंपण असेल तरच.

कारण साधं आहे. नवीन नियमपुस्तिका हातात आली की प्रत्येक संघ कोऱ्या पाटीवर सुरुवात करतो. पहिल्या वर्षी एखाद्या चांगल्या कल्पनेची किंमत फेरीमागे अर्धा सेकंद, कधी पूर्ण सेकंद असते. ज्याला ती सुचली तो पळाला. चौथ्या वर्षी त्याच संघाला तेवढ्याच मेहनतीत सेकंदाचा विसावा भागही मिळत नाही, कारण काढण्यासारखा रस काढून झालेला असतो. मागच्याकडे मात्र अजून बरंच काढायचं शिल्लक असतं आणि शिवाय नक्कल करायला समोर नमुना असतो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.

नक्कल कशी होते याचा मासला पाहायचा तर २०२३चं मोनॅको पाहावं. पात्रता फेरीत पहिल्याच वळणावर सेर्जिओ पेरेझची रेड बुल भिंतीला धडकली आणि क्रेनने ती उंच उचलली. तेव्हाच्या नियमांत गाडीचा बहुतेक डाउनफोर्स (हवा गाडीला रस्त्यावर दाबून धरते तो जोर) तळातून, म्हणजे फ्लोअरखालच्या हवेच्या बोगद्यांतून यायचा. म्हणून तो तळ कुणाला दिसू नये यासाठी संघ जिवाचं रान करायचे. इथे तो मोनॅकोच्या आभाळात लटकत होता आणि शेकडो कॅमेरे खाली होते. बोगद्याचं तोंड किती उंच, छत कुठे दुमडलंय, कडेला कुठे पायऱ्या दिल्यात, सगळं उघडं. फोटोवरून गाडी बनत नाही हे खरं, कारण तो तळ कुठल्या सस्पेन्शनवर, जमिनीपासून किती मिलिमीटरवर चालतो हे फोटोत दिसत नाही. पण कुठे शोधायचं हे कळलं की निम्मं काम झालं. नियम तेच राहिले तरच त्या फोटोचा उपयोग. पुढच्या वर्षी पुस्तकच बदललं असतं तर ती रद्दी होती.

नियमबदलाच्या बाजूने नेहमी दिलं जाणारं उदाहरण २००९चं. होंडाने डिसेंबर २००८मध्ये गाशा गुंडाळला, रॉस ब्रॉन यांनी संघ हातात घेतला आणि विश्वविजेतेपद जिंकलं. बघा, छोटा संघ राजा झाला! ही गोष्ट ऐकायला गोड आहे, म्हणून जरा खोलात जाऊ.

त्या वर्षी पुढचा पंख १४०० वरून १८०० मिलिमीटर रुंद झाला, मागचा १००० वरून ७५०वर आला, आणि डिफ्युझरची, म्हणजे गाडीखालची हवा मागे जिथून उसळून बाहेर पडते त्या भागाची उंची १७५ मिलिमीटरवर आणली गेली. डाउनफोर्स घटवून गाड्यांना एकमेकींच्या मागे चालता यावं, हा हेतू. पळवाट निघाली ती गाडीच्या तळाच्या दोन पातळ्यांमधून. मधला पट्टा खाली आणि कडेचा भाग ५० मिलिमीटर वर, अशी पायरी नियमानेच ठेवली होती. तळ खालून पाहिला तर अखंड दिसला पाहिजे, अशी अट होती. पण दोन पातळ्या जोडणाऱ्या उभ्या भिंतीत भोक पाडलं तर सरळ खालून ते दिसतच नाही. ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स यांनी तिथून हवा वर घेतली आणि पहिल्या डिफ्युझरच्या डोक्यावर दुसरा बसवला. तक्रारी झाल्या, १५ एप्रिलला या खेळाचे नियम करणाऱ्या एफआयएच्या अपील न्यायालयाने तो वैध ठरवला.

मग बाकीच्यांनी तसाच का नाही लावला? कारण डिफ्युझर म्हणजे वेगळा पत्रा नसतो. त्याच्या बरोबर वर गिअरबॉक्सचं आवरण, त्याला धरलेलं मागचं सस्पेन्शन आणि शेवटी धडक झेलणारा ढाचा असतो. दुसऱ्या मजल्याला जागा करायची तर हे सगळं हलवावं लागतं आणि ढाचा बदलला की धडक-चाचणी नव्याने. रेड बुलने तर मागचं सस्पेन्शन पुल-रॉडचं, म्हणजे नेमकं खाली जागा अडवणारं केलं होतं. त्यांना मोनॅकोपर्यंत थांबावं लागलं. तोवर ब्रॉनचा जेन्सन बटन घोडा दामटत होता: पहिल्या सातांपैकी सहा शर्यती त्याच्या. त्यानंतर वर्षभरात एकही नाही. विजेतेपद मिळालं ते पहिल्या सात शर्यतींच्या शिदोरीवर.

आणि ‘छोटा संघ’ हे बिरुद तर साफ चुकीचं. ती गाडी होंडाच्या पैशावर घडली होती. २००८चा मोसम जवळजवळ सोडून देऊन त्यांनी सगळी ताकद नव्या नियमांवर लावली होती. मोठ्या बदलाची तयारी दोन वर्षं आधी, चालू मोसमावर पाणी सोडून, ज्याला परवडते त्याचीच चांदी होते.

२०१४ला हेच इंजिनाच्या बाबतीत झालं, आणि जास्त वाईट झालं. १.६ लिटरचं व्ही-६ टर्बो हायब्रिड आलं. मर्सिडीजने टर्बोचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या एका टोकाला आणि टर्बाइन दुसऱ्या टोकाला बसवला. २०१४मध्ये १९पैकी १६ शर्यती, २०१५मध्ये पुन्हा १९पैकी १६, २०१६मध्ये २१पैकी १९. मागच्यांनी गाठू नये अशी जणू सोयच नियमांत होती. इंजिनाच्या सगळ्या भागांना मिळून ६६ टोकन आणि २०१५साठी त्यातली ३२ बदलायची मुभा, तीही सगळ्यांना सारखीच. पुढच्यालाही ३२, मागच्यालाही ३२. होंडा २०१५मध्ये मॅकलॅरेनबरोबर परतली आणि चेष्टेचा विषय झाली. त्या इंजिनाला पहिला विजय मिळायला २०१९ उजाडलं, तोही रेड बुलच्या गाडीत. दरी मोठी असताना नियम गोठवले की दरीच गोठते. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

इथे माझ्या विरोधात जाणारे दाखले आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २०१३ हे २००९च्या नियमांचं पाचवं वर्ष होतं, आणि रेड बुलच्या सेबॅस्टियन व्हेटेलने शेवटच्या सलग नऊ शर्यती जिंकल्या. आपल्याकडे ग्रेटर नोएडाला २०११ ते २०१३ अशा तीनच ग्रां प्री झाल्या. तिन्ही त्याच्या, आणि चौथं विजेतेपदही त्याने तिथेच पक्कं केलं. एवढी तिकिटं काढून गेलेल्यांना चुरस म्हणून फारसं काही पाहायला मिळालं नाही. २००४ला फेरारीने १८पैकी १५ शर्यती जिंकल्या. म्हणजे नियम नुसते जुने होऊन भागत नाही. फेरारीकडे स्वतःचा फिओरानोचा ट्रॅक होता, चाचणीवर बंधन नावापुरतं होतं आणि खर्चाला मर्यादाच नव्हती. पुढचा संघ जास्त जिंकतो, जास्त कमावतो, जास्त खर्च करतो. मागच्याने शहाणं व्हायचं तरी कोणत्या पैशावर?

ती बाजू २०२१पासून बदलली आणि माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतली सगळ्यात चांगली नियमावली तीच, जिच्याबद्दल टीव्हीवर सगळ्यात कमी बोललं जातं. खर्चाची मर्यादा २०२१ला १४.५ कोटी डॉलर, मग १४ आणि १३.५ कोटी, वर महागाईचे आणि जादा शर्यतींचे हिशेब. तिच्या जोडीला विंड टनलचा, म्हणजे गाडीच्या मॉडेलवर जोराची हवा सोडून करायच्या चाचण्यांचा, उतरता कोटा. साधारण दोन महिन्यांच्या प्रत्येक टप्प्याला ३२० फेऱ्या हा पाया. अजिंक्य संघाला त्याच्या ७० टक्के, दुसऱ्याला ७५, असं करत दहाव्याला ११५. म्हणजे विजेत्याला २२४ आणि दहाव्याला ३६८. मॉडेल खऱ्या गाडीच्या ६० टक्के आकाराहून मोठं नको, हवा सेकंदाला ५० मीटरहून जोरात नको. आणि वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि ३० जूनच्या गुणतक्त्यावरून हा कोटा नव्याने ठरतो.

यातली खुबी अशी की हे जिंकणाऱ्याच्या गाडीला हात लावत नाही. त्याला वजन बांधत नाही, त्याचं इंजिन आवळत नाही. तुम्ही जिंका, पण पुढचं शोधायला तुम्हाला खडू कमी मिळेल. २०२१च्या मर्यादाभंगाबद्दल रेड बुलला ७० लाख डॉलर दंड झाला, आणि वर चाचणीतले दहा टक्के कापले गेले. दंडाची रक्कम त्यांना किरकोळ होती. झोंबले ते दहा टक्के.

परिणाम लगेच दिसला नाही, दिसणारही नव्हता. नव्या नियमांनी २०२२मध्ये नेहमीप्रमाणे एकालाच वर काढलं: रेड बुलच्या २२पैकी १७. २०२३मध्ये तर २२पैकी २१. सिंगापूरला फेरारीचा कार्लोस साइन्झ आडवा आला म्हणून, नाहीतर पाटी कोरीच होती. तेव्हा ‘खर्चमर्यादा फसली’ असे लेख धडाधड आले. २०२४ला, म्हणजे नियमांच्या तिसऱ्या वर्षी, चार संघांनी विजय वाटून घेतले: रेड बुल ९, मॅकलॅरेन ६, फेरारी ५, मर्सिडीज ४. सात ड्रायव्हरांनी प्रत्येकी किमान दोन शर्यती जिंकल्या. कॅनडाला मर्सिडीजचा जॉर्ज रसेल आणि रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टापेन दोघांचीही पात्रता वेळ १ मिनिट १२.००० सेकंद. हेरेझ परत आलं होतं. २०२५ला विजेतेपद मॅकलॅरेनच्या लँडो नॉरिसने व्हर्स्टापेनपेक्षा दोन गुणांनी जास्त मिळवून जिंकलं, ४२३ विरुद्ध ४२१. त्या वर्षी मॅकलॅरेनने १४ शर्यती जिंकल्या हेही मान्य, आणि मॅकलॅरेनच्या चढाईत त्यांच्या मुख्यालयात, वोकिंगला, २०२३मध्ये सुरू झालेल्या स्वतःच्या विंड टनलचा वाटा मोठा हेही मान्य. त्याआधी त्यांना मॉडेल घेऊन कलोनला टोयोटाकडे जावं लागायचं. पण कोटा आणि वेळ हाताशी नसता तर नुसत्या टनलने काय केलं असतं?

मध्येच एक वाईट सवय. पुढच्याला चाप लावायला मोसमाच्या मधोमध नियम घट्ट करायचे. १९९८ला मेलबर्ननंतर ब्राझीलला मॅकलॅरेनचं एका बाजूचं मागचं चाक वेगळं रोखणारं ब्रेकचं जादा पेडल बंद केलं. मॅकलॅरेन तिथेही पहिली-दुसरी. २०२५ला स्पेनपासून पुढच्या पंखाच्या लवचीकतेवर गंडांतर: दोन्ही बाजूंना १०० किलो भार दिल्यावर १५ मिलिमीटर वाकायला परवानगी होती, ती १० केली. बार्सिलोनाला मॅकलॅरेन पहिली-दुसरी. २०२२ला गाड्या सरळ रस्त्यावर उसळायच्या, ड्रायव्हरांच्या पाठी जायला लागल्या, म्हणून २०२३ला फ्लोअरच्या कडा १५ मिलिमीटर वर घेतल्या. ते शरीरासाठी गरजेचं होतं, पण ज्यांनी त्यातून रेड बुल मागे येईल अशी आशा धरली त्यांना २१ विजय पाहावे लागले. चांगली गाडी एका युक्तीवर चालत नाही. युक्ती काढून घेतली तर बाकीचे संघही ती वापरत असतात आणि त्यांनाही पंख नव्याने करावे लागतात, तेही कमी पैशात. एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा: २०२१ला टायर वाचावेत म्हणून फ्लोअरचा मागचा कोपरा तिरका कापला, तो मर्सिडीजला लागला आणि त्यातून गेल्या कित्येक वर्षांतली सगळ्यात रंगलेली लढत झाली. पण तो नेम धरून मारलेला दगड नव्हता.

आता अडचणीची गोष्ट. गाड्या जवळ आल्या की शर्यत रंगतेच असं नाही. मागच्याला पुढे जायचं तर त्याची गाडी फेरीमागे बरीच वेगवान लागते, काही ट्रॅकवर सेकंदभर. वीसही गाड्या सेकंद-सव्वा सेकंदात दाटल्या तर तो जादा वेग आणायचा कुठून? वर पुढच्या गाडीची खवळलेली हवा. फॉर्म्युला वनच्याच आकड्यांप्रमाणे २०२१ची गाडी समोरच्यापासून २० मीटरवर ३५ टक्के डाउनफोर्स गमवायची, २०२२ची फक्त ४ टक्के. पण पुढे संघांनी पंखाच्या टोकांवर आणि ब्रेकच्या झाकणांवर बारीक कोरीव काम करून हवा चाकाबाहेर ढकलायला सुरुवात केली, आणि दरवर्षी मागच्याचे हाल वाढत गेले. २०२५ला मागे चालणं २०२२पेक्षा कितीतरी अवघड होतं. नियम मुरू देण्याची ही खरी किंमत आहे.

पण यावर उपाय म्हणून काय केलं? मोनॅको, २०२५: प्रत्येकाने टायर बदलायला दोनदा पिटमध्ये यायलाच हवं. कागदावर झकास. शर्यतीत रेसिंग बुल्सने लियाम लॉसनला मुद्दाम हळू चालवलं. त्या गल्लीबोळांत त्याला कुणी ओलांडू शकत नाही. त्याच्यामागे वरात थांबली आणि पुढे असलेल्या, त्याच संघाच्या इसाक हाजारला पिट स्टॉपसाठी लागणारी वीसेक सेकंदांची मोकळी जागा तयार झाली. हाजार सहावा, लॉसन आठवा. विल्यम्सने तेच पाहिलं आणि दोन गाड्या आळीपाळीने अडसर म्हणून वापरल्या. नववा आणि दहावा क्रमांक खिशात. वैतागून जॉर्ज रसेलने वळण कापून एकाला ओलांडलं आणि शिक्षा घेतली. चुरस वाढवायला आणलेल्या नियमाने सगळ्यात हळू चालण्याची स्पर्धा घडवली.

खरा उपाय बारीक कानशीचा आहे. पंखाचं टोक, ब्रेकचं झाकण, फ्लोअरची पुढची कड या तीन-चार जागांची भूमिती दर हिवाळ्यात तपासायची, जिथून हवा बाहेर ढकलली जाते तेवढंच घासायचं, बाकी गाडीला हात लावायचा नाही. २०१७चा अनुभव ताजा असायला हवा होता. तेव्हा गाडी २ मीटर रुंद केली, मागचे टायर ३२५ वरून ४०५ मिलिमीटर केले. फेऱ्या कमालीच्या वेगवान झाल्या आणि ओव्हरटेक जवळपास निम्म्यावर आले. तिथे कानस नव्हे, घण वापरला होता.

२०२६ला तर घण दोन्ही हातांनी मारला: इंजिन आणि गाडी एकाच वर्षी बदलली. मोटरची ताकद १२० वरून ३५० किलोवॉट, पेट्रोल-इंजिनाची साधारण ४०० किलोवॉटपर्यंत उतरली, एक्झॉस्टमधून वीज काढणारी एमजीयू-एच गेली. रुंदी १.९ मीटर, चाकांमधलं अंतर ३.६ वरून ३.४ मीटर, वजन तीसेक किलोंनी कमी, पुढचे-मागचे दोन्ही पंख चालत्या गाडीत उघडमीट करणारे. यातलं वजन आणि आकार कमी करणं मला मनापासून पटतं. विजेचं गणित मात्र पाहा. बॅटरीतून एका वेळी जास्तीत जास्त ४ मेगाज्यूल वापरता येतात. ३५० किलोवॉटने ते साडेअकरा सेकंदांत संपतात. संपले की सरळ रस्त्याच्या टोकाला गाडी निम्म्या दमाची. मूळ नियमांत पुढच्या गाडीची वीज ताशी २९० किलोमीटरनंतर घटत जाते, मागून सेकंदाच्या आत आलेल्याला ती ३३७पर्यंत पूर्ण मिळते, वर अर्धा मेगाज्यूल जादा. म्हणजे ओव्हरटेक बऱ्याच अंशी बॅटरीच्या जमाखर्चावर, आणि तो जमाखर्च ज्या इंजिनवाल्याला पहिल्या वर्षी नीट जमतो त्याच्या सगळ्या ग्राहक संघांना एकदम फायदा. २०१४ची आठवण यावी अशीच ही रचना आहे.

एक गोष्ट यावेळी शहाणपणाने केली आहे. इंजिन पहिल्यापेक्षा २ ते ४ टक्के मागे असेल तर एक वाढीव सुधारणा करायची मुभा, ४ टक्क्यांहून मागे असेल तर दोन. टोकनच्या वेळी हेच विसरले होते. दरी मोजा आणि मागच्यालाच जास्त द्या. विंड टनलच्या कोट्याचं तत्त्व इंजिनाला लावलं, उशिरा का होईना.

हा बदल ऑडी, फोर्ड, होंडा, जनरल मोटर्स यांच्या संचालक मंडळांसाठी झाला. त्यात लाजण्यासारखं काही नाही, त्यांच्या पैशावर खेळ चालतो. तसं सरळ म्हणावं, चुरशीच्या नावावर विकू नये. आणि यापुढे इंजिन व गाडी एकाच वर्षी बदलायची नाही, दोन्हींत किमान दोन मोसमांचं अंतर ठेवायचं, हे नियमपुस्तिकेतच लिहून टाकावं. एफआयएचे अध्यक्ष मोहम्मद बेन सुलेम यांनी व्ही-८ इंजिनं परत आणण्याची भाषा केव्हाच सुरू केली आहे. आवाज मलाही आवडतो. पण २०३०पर्यंतचं चक्र अर्ध्यात तोडलं तर या वेळी जे मागे पडतील त्यांनी वर यायचं कधी?

६ जुलै २०२५ची सिल्व्हरस्टोनची शर्यत नियमबदलाच्या प्रत्येक बैठकीत लावावी. साउबर हा २०२४मध्ये अख्ख्या वर्षात ४ गुण मिळवून शेवटचा आलेला संघ, म्हणजे चाचणीचा सगळ्यात मोठा कोटा त्याचा. जूनच्या पहिल्या शर्यतीला, बार्सिलोनाला, त्यांनी नवा फ्लोअर आणला आणि निको हुल्केनबर्ग तिथे पाचवा आला. महिन्याभराने सिल्व्हरस्टोनला तो १९व्या जागेवरून निघाला. पाऊस होता, नशीबही होतं, पण पाऊस थांबल्यावर मागून येणाऱ्या लुईस हॅमिल्टनच्या फेरारीला त्याने जवळ येऊ दिलं नाही. तिसरा. २३९ शर्यतींनंतर पहिल्यांदा पोडियमवर. नियमांचं चौथं वर्ष होतं ते. पाच महिन्यांनी मोसम संपला आणि तो फ्लोअर, त्यामागच्या सगळ्या विंड टनलच्या फेऱ्यांसकट, कायमचा बाद झाला.